लाल ठिपका असेल तर हात लावू नये

ता. ७ सप्टेंबर १९६९, रविवार

लिही. — काय लिहिलंस? "लिही" असंच? बरं, राहू दे.

फुला म्हणते, "आत्या, रोजनिशीत मनातलं सांगायचं असतं." मनातलं तर मी रोज ओट्यावर बसून ओरडून सांगते, त्याला वही कशाला? पण माझी सून सातवी पास हाय अन् लग्न झाल्यापासून हातात पेन न्हाई, नुसती घागर. तिचा हात चालावा म्हणून माझं तोंड चालवायचं ठरलंय. तोंडाला सवय हाय.

एक भांडण पहिल्याच दिवशी झालं. मी म्हणते न्हाई, ही लिहिते नाही. वाचून दाव म्हणलं, तर कुणी मास्तरीण बोलतेय असं वाटलं. बाकीचं सुधार बाई, पण माझं न्हाई न्हाईच राहू दे. आयुष्यभर लोकांच्या तोंडून ते तसंच ऐकलंय.

ता. ९ सप्टेंबर, मंगळवार

कुंडलिकला काम लागलं! माझ्या पोराला! ग्रामपंचायतीत, रोजंदारीवर, नकला उतरवायचं.

झालं असं, की ह्या पावसाळ्यात कचेरीचं छप्पर गळलं, कपाटात पाणी गेलं अन् दोन गठ्ठ्यांचा लगदा झाला. तवा भोरच्या कचेरीतनं हुकूम आला — दप्तरातल्या प्रत्येक कागदाची नक्कल करा अन् ती भोरला आणून ठेवा. म्हंजे एक बुडाला तर दुसरा राहतो. मी मीठ दोन मडक्यांत ठेवते, एक चुलीपाशी, एक माळ्यावर. मला कुणाचा हुकूम आला नव्हता.

आमच्या जिवाचा कागद त्याच कपाटात हाय. विहिरीचा ठराव. गेल्या साली पुण्याचा मोठा साहेब आला, त्याच्या समोर सरपंच सर्जेरावांनी हसत हसत सही केली — बौद्धवाड्यात नवी विहीर पाडायची. साहेब गेला, हसू गेलं, ठराव गठ्ठ्यात गेला. वरनं मंजुरी आलीय, पण ठरावाची नक्कल भोरला पोचल्याबिगर कुदळ पडायची न्हाई. अन् मार्चअखेर पोचली न्हाई तर मंजुरी रद्द.

तशी गावची विहीर सगळ्यांना खुली हाय. बोर्डच लावलाय. फुला मला वाचून दावते. आमी त्या बोर्डाखाली घागरी ठेवून उभ्या राहतो, कुणाच्या मनात आलं तर वरनं वाढतात. बोर्डाचं अक्षर लई सुरेख हाय म्हणे.

ता. १२ सप्टेंबर, शुक्रवार

कुंडलिकनं कामाची रीत सांगितली. ऐकून माझी भाकरी करपली.

कपाटाला हात लावायचा फक्त शिपायानं. शिपाई म्हंजे गेनबा. गठ्ठा काढणार गेनबा, नक्कल करणार कुंडलिक, तपासणार ग्रामसेवक आनंदराव. कुंडलिकनं कपाट बघायचं, पण शिवायचं न्हाई. "सरकारी दप्तर आहे, जबाबदारीचं काम आहे," असं ग्रामसेवक म्हणाले.

म्हंजे ज्याला वाचता येतं त्याला हात लावायची परवानगी न्हाई, अन् ज्याला परवानगी हाय त्याला वाचता येत न्हाई. मी म्हणलं, कुंडलिका, तुला ह्यात नवल वाटतंय व्हय? बघायचं पण शिवायचं न्हाई, हे तर आपल्याला येतंच. त्या कामाला तुझ्याइतका शिकलेला माणूस गावात दुसरा न्हाई!

मग गेनबाला कळायचं कसं, कोणता गठ्ठा झाला अन् कोणता राहिला? त्याला ग्रामसेवकांनी तोड काढली. गठ्ठे पांढऱ्या मांजरपाटात बांधलेत. नक्कल झाली, की त्या गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर गेनबानं गेरूचा लाल ठिपका द्यायचा. ठिपका नसेल तो काढून द्यायचा. लाल ठिपका असेल तर हात लावू नये.

तोड बरी हाय. मी बी कोंबड्यांना असंच रंगवते.

ता. ४ ऑक्टोबर, शनिवार

गेनबा सकाळी घाईघाईनं आला. "म्हातारे, गेरू दे चिमूटभर. डबा घरी राहिला. लवकर दे, सरपंच कचेरीत बसल्यात."

भिंतीला पट्टा मारायला आणलेला गेरू होता, दिला. चहा पी म्हणलं. एरवी पितो, फक्त पिताना मागं वळून बघतो, रस्त्यानं कोण जातंय का. आज चहाला बी थांबला न्हाई. शनिवारचं अन् सरपंच कचेरीत! आठवड्यात दोनदा ग्रामसेवक येतात तेवढ्याच दिवशी ह्यांना खुर्ची आठवते.

ता. २० ऑक्टोबर, सोमवार

विजयादशमी. आमी सगळा वाडा भोरला गेलो — पांढरी लुगडी, पांढरे सदरे, एसटीत बसलो तर कापसाचं पोतं उलटल्यासारखं दिसत होतं. वंदना झाली, भाषणं झाली. एका वक्त्यानं पाण्यावर इतका वेळ भाषण केलं, की मला तहान लागली.

संध्याकाळी परत आलो. कचेरीला झेंडूचं तोरण, गेनबाच्या कपाळावर एवढा टिळा. सुट्टी असून सरपंचांनी कचेरी उघडून पूजा केली म्हणे. मी म्हणलं, "गेनबा, आज कचेरी सुट्टीला उघडली, मग उद्या कामाला बंद का?"

तो म्हणाला, "म्हातारे, तुझी जीभ भोरला इसरून आली असतीस तर बरं झालं असतं."

ता. ५ नोव्हेंबर, बुधवार

गेनबानं कुंडलिकला सांगितलं, "संपलं. काढून द्यायला काय उरलं न्हाई."

कुंडलिक म्हणतो, "आये, निम्मे बी झाले नव्हते!"

ता. ७ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्रामसेवक आले तवा कुंडलिकनं विचारलं. गेनबानं कपाट उघडलं. लांबनं दावलं. खरंच! वरपासून खालपर्यंत प्रत्येक गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर लाल ठिपका.

कुंडलिक म्हणाला, "भाऊसाहेब, विहिरीचा ठराव माझ्या हातून उतरला न्हाई."

"त्या गठ्ठ्यावर ठिपका आहे का?"

"हाय."

"मग उतरला."

"पण म्या लिवलाच न्हाई!"

"हे पाहा कुंडलिक, माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून तर ठिपका ठेवलाय."

घरी येऊन जेवला न्हाई. मला विचारतो, "आये, म्या झोपेत लिवत आसंन का?" मी म्हणलं, तू झोपेत काम करणाऱ्यातला असतास तर तुझा बाप किती सुखानं गेला असता.

ता. १४ जानेवारी १९७०, बुधवार

ग्रामसेवकांचं तपासून झालं एकदाचं. दोन महिने तपासलं. कसं तपासलं? कपाट उघडून ठिपके मोजले. नकलांचं बोचकं सोडून बघितलंच न्हाई. ठिपके बरोबर, सही झाली, बोचकं आजच्या एसटीनं भोरला गेलं.

तिळगूळ द्यायला सरपंच वाड्यापर्यंत आले होते. वाड्यापर्यंत, वाड्यात न्हाई. "धोंडाबाई, गोड बोला." मी म्हणलं, सरपंच, विहीर झाली की बोलते. तवर तोंड कोरडं हाय.

ता. ११ फेब्रुवारी, बुधवार

भोरहून पत्र. नकला निम्म्याच पोचल्यात. बाकीच्या कुठं हायेत ते कळवा, न्हाई तर जबाबदार इसमावर कारवाई.

जबाबदार इसम शोधायला कचेरीत बैठक बसली. ठिपके लावणारा गेनबा — तो अंगठेबहाद्दर, त्याला काय कळतंय. तपासणारे ग्रामसेवक — ते अध्यक्षाच्या शेजारी बसलेले. सही करणारे सरपंच — ते तर अध्यक्षच. राहिलं कोण?

माझा कुंडलिक.

सरपंच म्हणाले म्हणे, "मी काय म्हणत नाही. पण एसटी स्टँडवर भजी कागदातच बांधतात."

ता. १३ फेब्रुवारी, शुक्रवार

घराची झडती. माझ्या! ज्या घरात दोन मडकी मीठ अन् एक बाबासाहेबांचा फोटो, त्या घराची झडती.

ग्रामसेवक दारात उभे राहिले, आत गेनबाला पाठवलं. गेनबानं उतरंड उचलून खाली ठेवली, परत होती तशी रचली, मान वर केली न्हाई. सापडली ती ही वही.

"कागद कुठला आहे?" ग्रामसेवक म्हणाले.

फुला म्हणाली, "भोरच्या दुकानातला. आमच्या आत्या सांगतात, मी लिहिते."

"काय सांगतात?"

मी म्हणलं, "तुमच्याबद्दल चांगलंच सांगते, भाऊसाहेब. वाच गं फुले, ते कोंबड्यांचं."

त्यांनी वही परत दिली. गेनबा जाताना पुटपुटला, "म्हातारे, तू समदं लिवून घेतीस व्हय?" समदं, म्हणलं. तुझं बी. तसा त्याचा चेहरा उतरला.

कुंडलिकची रोजंदारी थांबवलीय. त्याचं त्याला काय वाटत न्हाई. पण आज तो चावडीपुढनं न जाता मागच्या बांधानं घरी आला.

ता. २० फेब्रुवारी, शुक्रवार

नकला का गेल्या ह्याचा शोध सुरू हाय. गावात जेवढी तोंडं तेवढी कारणं.

सरपंच: भोरच्या कपाटाला वाळवी. ग्रामसेवक: बोचकं एसटीच्या टपावर होतं, वरंध्याच्या घाटाकडनं वारा आला. पोस्टमन ज्ञानू: पत्रच खोटं हाय, भोरवाल्यांना मोजता येत न्हाई. माझं म्हणणं: उंदीर. पण आमच्या विहिरीचा कागद नेमका हुडकून खाणारा उंदीर म्हंजे तो बी गावच्या रीतीतला असला पाहिजे.

एकानं बी कपाट उघडून गठ्ठा सोडून बघावा असं म्हणलं न्हाई. कुंडलिक म्हणाला, तर त्याला सांगितलं — ठिपका आहे. ठिपका असेल तर हात लावू नये.

ता. २५ फेब्रुवारी, बुधवार

ओढा आटला. फुला दगडांतल्या डबक्यातनं वाटीवाटीनं घागर भरून आणते. आज येताना पाय घसरला. घागर फुटली न्हाई, पाणी सांडलं. हाताला खरचटलंय, म्हणून आजचं एवढंच.

ता. ६ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते फुलानं दोनदा हसून मग लिहायला घेतलं.

गेनबा दुपारी कचेरीतच भाकरी खातो. आज बायकोनं लिंबाचं लोणचं दिलेलं. तेवढ्यात ग्रामसेवकांनी हाक मारली, भोरला कायतरी कळवायचंय, एक गठ्ठा काढ. गेनबा तसाच उठला, हात धोतराला पुसल्यासारखं केलं अन् गठ्ठा धरला — नेमका ठिपक्यापाशी. टेबलावर ठेवला. कुंडलिक पगाराचं विचारायला दारात उभा होता, त्यानं बघितलं.

लाल ठिपका पिवळा झाला!

ग्रामसेवक म्हणाले, "गेनबा, हा कसला गेरू?" गेनबा बोट हुंगत राहिला.

कुंडलिक पळत घरी आला. आमी दोघी एकदमच ओरडलो. गेरू ही माती हाय, ती कशाला पिवळी पडतेय? लिंबू लागलं की पिवळं पडतं ते कुंकू. लग्नाकार्यात लुगड्यावर आंबट सांडलं की कुंकवाचा डाग असाच होतो, हे शेंबड्या पोरीला माहीत असतं. पण कचेरीत लुगडं नेसणारं कुणी न्हाई.

कचेरीत कुंकू आलं कुठनं? — दसरा! पूजा! सरपंचांनी खुर्चीला, टेबलाला, शाईच्या दौतीला अन् कपाटातल्या समद्या गठ्ठ्यांना ओळीनं कुंकू लावलं. आमी सगळे भोरला. कुंडलिक हितं असता तर त्यानं बघितलं असतं. पंधरा दिवसांत धूळ बसली, कुंकू मांजरपाटात मुरलं, गेरू अन् कुंकू एक दिसायला लागलं. सरस्वती प्रसन्न झाली, अन् न लिहिता निम्म्या नकला पुऱ्या झाल्या!

ता. ९ मार्च, सोमवार

कुंडलिकनं कुंकवाचं जाऊन सांगितलं, तशी कचेरीत परीक्षा बसली. दीड डझन लिंबं आणली. नियम असा — ठिपक्यावर लिंबू पिळायचं. नुसता पिवळा झाला तर कुंकू, म्हंजे नक्कल राहिली. पिवळ्याखाली लाल उरलं तर गेरू, म्हंजे नक्कल झाली.

लिंबू कुणी पिळायचं ह्यावर आधी वाद. दप्तराला हात लावायची परवानगी गेनबाला. पण रंग ओळखणं म्हंजे तपासणी, ती ग्रामसेवकांकडं. शेवटी गेनबानं गठ्ठा धरला अन् ग्रामसेवकांनी लिंबू पिळलं.

आता बाहेरनं कसं दिसलं असेल? भर दुपारी, दार लोटलेलं, आत ग्रामसेवक बाह्या वर करून बसलेले, हातात कापलेलं लिंबू, समोर कुंकू लावलेलं पांढरं गाठोडं! सरपंचांच्या चुलतीनं खिडकीतनं बघितलं अन् अंगणातलं वाळवण टाकून पळाली. संध्याकाळपर्यंत गावभर — ग्रामसेवकानं कचेरी बांधली! करणी केली!

ता. १० मार्च, मंगळवार

आनंदरावांच्या बदलीसाठी गाव अर्ज करणार हाय. कारण: जादूटोणा. दोन बायकांनी त्यांच्याकडं ताईत मागितला.

ता. १२ मार्च, गुरुवार

कालपर्यंत हसले. आज हसू न्हाई.

परीक्षा संपली. सगळे राहिलेले गठ्ठे पिवळे निघाले अन् कुंडलिकच्या पुढ्यात आले. त्याच्यावरचा आळ गेला. फक्त एका गठ्ठ्याचा गेला न्हाई. विहिरीच्या. त्याच्यावर लिंबू पिळलं, वरचं कुंकू पिवळं झालं, अन् खाली लाल. घासून पिळलं. लालच. गेरू.

कुंडलिक शपथेवर सांगतो, त्यानं तो गठ्ठा सोडलेला बी न्हाई. मग गेरू लावला कुणी?

सरपंच खुर्चीत मागं टेकले. "परीक्षा तुमचीच, धोंडाबाईंच्या पोरा. लाल म्हणजे झाली. तूच उतरवली, तूच हरवली. आता परत उतरवायची तर भोरची परवानगी आणा." भोरची परवानगी यायला महिना लागतो. मार्च संपायला तेवढा वेळ न्हाई. कुंडलिक गठ्ठ्याकडं बघत राहिला. हातभर लांब होता. शिवायचं न्हाई.

आता मला सगळं कळलं. गेरूला हात लावणारा माणूस गावात एकच. त्या शनिवारी गेरू मागायला आला होता — माझ्याच घरी, माझाच गेरू! "सरपंच कचेरीत बसल्यात" म्हणाला होता. दोघांनी बसून ठिपका दिला. माझ्या भिंतीच्या मातीनं माझी विहीर बुजवली.

फुले, ठळक लिही: गेनबा कुत्रा हाय. न्हाई, कुत्रा नको, कुत्रं इमान राखतं. गेनबा सरपंचाच्या उंबऱ्याचं पायपुसणं हाय.

ता. १४ मार्च, शनिवार

गेनबा रस्त्यात दिसला. "म्हातारे," म्हणाला. मी घागरीला म्हणलं, चल गं बाई, हितं घाण वास येतोय.

ता. २१ मार्च, शनिवार

बाकीच्या नकला होत आल्या. कुंडलिक रोज गेनबाला म्हणतो, "काका, तेवढा गठ्ठा द्या." गेनबा म्हणतो, "ठिपका हाय." त्याच्यापलीकडं एक शब्द न्हाई. अन् सरपंच आता रोज कचेरीत बसतात! आठवड्यातले सगळे दिवस! पाच वर्षांत गावाचं एवढं काम त्यांनी केलं नव्हतं.

बायका म्हणतात, खरं कारण त्यांचा मळा. आमच्या वाड्यात विहीर पडली तर त्यांच्या झऱ्याचं पाणी ओढलं जाईल. तोंडानं मात्र एकदा बी विरोध न्हाई. विहीर व्हायलाच पाहिजे म्हणतात. नियमात बसवून.

फुले, लिही: गेनबाच्या दातांना कीड लागो. लोणचं बी खाता येऊ नये.

ता. २८ मार्च, शनिवार

सरपंच आज पहाटेच कामथडीला गेले, पुतणीचं लग्न. दोन दिवस येत न्हाईत.

कचेरीत काय झालं ते कुंडलिकनं येऊन सांगितलं, धापा टाकत.

गेनबानं आल्या आल्या कपाट उघडलं, विहिरीचा गठ्ठा काढला, तांब्यातलं पाणी कोपऱ्यावर ओतलं अन् धोतराच्या सोग्यानं खसाखसा पुसलं.

मार्चअखेर म्हणून ग्रामसेवक बी आता रोज येतात, ते उठून उभे राहिले. "अहो गेनबा! काय करताय!"

"धूळ बसलीया, पुसतोय."

"ठिपका गेला ना!"

"गेला व्हय? बघू. गेला की." अन् म्हणाला, "भाऊसाहेब, तुमीच नियम सांगा. ठिपका नसंल तर?"

ग्रामसेवकांनी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. मग म्हणाले, "...तर काढून द्यायचा."

गेनबानं गठ्ठा कुंडलिकच्या पुढ्यात ठेवला अन् बाहेर जाऊन पायरीवर बसला.

ठराव एका पानाचा. कुंडलिकनं घाईत शाई सांडली, पहिली नक्कल फाडावी लागली. दुसरी बरी आली. सरपंच गावात नसले तर ग्रामसेवकांची सही चालते. ते सही करत न्हवते. गेनबा पायरीवरनंच म्हणाला म्हणे, "भाऊसाहेब, भोरचं पत्र परत आलं तर ह्या वख्ताला जबाबदार इसम कोण?" सही झाली.

मी म्हणलं, पाप केलं त्यानंच पुसलं. उपकार न्हाई केले. चोरानं चोरलेलं परत ठेवलं म्हणून त्याची आरती करायची का?

ता. ३१ मार्च, मंगळवार

पोचली! कुंडलिकनं स्वतःच्या हातानं दिली. भोरच्या कारकुनानं आधी सांगितलं, आज मार्चअखेर हाय, गर्दी हाय, उद्या या. कुंडलिक म्हणाला, उद्या आलो तर विहीर न्हाई, तुमच्याच टेबलाखाली झोपतो. शिक्का मारून घेतला. शिक्का मारल्याची पोच आणली. ती फुलानं फोटोच्या चौकटीत मागं खोचून ठेवलीय. तिची नक्कल माळ्यावरच्या मिठाच्या मडक्यापाशी.

ता. ६ एप्रिल, सोमवार

सरपंच गेल्या सोमवारीच लग्नाहून आले. गावभर सांगतात, "जाताना मीच गेनबाला सांगून गेलो होतो, गरिबांचं काम अडवू नको." गेनबा शेजारी उभा राहून मान हलवतो. पायपुसणं!

ता. १४ एप्रिल, मंगळवार

जयंती. आज कुणाशी रुसवा न्हाई, भांडण न्हाई. गेनबा मिरवणूक बघायला वाड्याच्या तोंडाशी उभा होता. त्याला चहा बी न्हाई.

ता. २ मे, शनिवार

कुदळ पडली. तीन पुरुष खोल गेलेत, माती ओली लागतेय.

दुपारी गेनबा आला. मी बोलावलं न्हवतं. म्हणाला, "म्हातारे, आता कागद भोरात हाय अन् खड्डा जिमिनीत हाय, तवा सांगतो. त्या शनवारी सर्जेरावांनी विहिरीचा गठ्ठा मागितला. घरी निऊन वाचतो म्हणाले. त्यांच्या घरी चूल बी हाय, हे मला ठावं हाय. म्या म्हणलं, त्याची नक्कल झाली, भोरला गेली बी. ठिपका बघायला उठाय लागले, तर म्हणलं थांबा, कपाटाची किल्ली घरी राहिली, आणतो. तुझ्याकडं पळत आलो, गेरू नेला, मागच्या दारानं जाऊन, त्यांची पाठ बघून ठिपका दिला. मग दावला. 'ऱ्हाऊ दे,' म्हणाले. भोरात नक्कल असल्यावर हितला कागद जाळून त्यांना काय मिळणार?"

मला आधी का न्हाई सांगितलंस रे?

"तुला? तू समदं लिवून घेतीस."

चहा दिला. आत बसून प्याला. मागं वळून बघितलं न्हाई.

फुले, गेनबाला शिव्या घातल्यात ती पानं काढ. खोडू नको. गेरू आण.